ताईनं वाचलेलं सेटिंग

माझी थोरली बहीण जन्मापासून आंधळी आहे. हा शब्द तिचाच. "दृष्टिहीन वगैरे स्टेजवर म्हणा, घरात नको," असं ती म्हणते. नगरच्या अंध मुलांच्या शाळेत तिनं तीसेक वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ती कोपरगावला आमच्याकडे राहायला आली. पुढं काही वर्षांनी मीही साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालो. मग घरात दोन रिकामी माणसं झाली.

गावातल्या वाचनालयानं अभिवाचनाचा कार्यक्रम ठरवला. ज्यांनी आपल्या आयुष्यावर काही लिहिलंय त्यांनी ते वाचून दाखवायचं. ताईनं नाव दिलं. वाचनालयाचे कार्यवाह घरी आले आणि अगदी आदरानं म्हणाले, "ताई, तुम्ही पाठच म्हणा. तुमची स्मरणशक्ती दांडगी आहे, लोक थक्क होतील."

ताई म्हणाली, "कार्यक्रम वाचनाचा आहे ना? मग मी वाचणार."

ते गेल्यावर मी विचारलं, वाचणार कशी? पूर्वी ती जाड कागदावर टोचणीनं एकेक ठिपका टोचून लिहायची. पण आता तिची मनगटं धरतात, दहा ओळींच्या पुढं हात चालत नाही. मोबाईल तिला सगळं वाचून दाखवतो, पण ते तिला पुरत नाही. "ते ऐकणं झालं," ती म्हणते. "वाचताना मी थांबते, मागं जाते, शब्दावर बोट ठेवते."

तिनं शाळेत फोन लावला. तिथं नवीन ब्रेल प्रिंटर आला होता आणि जुना कोठीच्या खोलीत पडून होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चालू होईल की नाही माहीत नाही, पण तुम्ही नेत असाल तर आनंदच आहे." चार दिवसांनी रीतसर कागद करून, टेम्पोत गादी टाकून मी तो घेऊन आलो. दोन माणसांनी उचलावा इतका जड. शाई नाही, रिबन नाही. आतल्या पिना कागदावर ठोके मारतात आणि ठिपके उठवतात.

मागं पंचवीस पिनांचं सॉकेट होतं आणि माझ्या कॉम्प्युटरला नुसती यूएसबी. मला हसू आलं. उमेद वाटली म्हणा. कारखान्यात उसाच्या गाड्यांचा वजनकाटा असल्याच सॉकेटातून कॉम्प्युटरला जोडायचं काम माझंच होतं. ऐन हंगामात काटा बंद पडला, बाहेर गाड्यांची रांग लागली, की मलाच बोलावणं यायचं. मी ताईला म्हटलं, "संध्याकाळपर्यंत छापून देतो."

ते जमलं नाही. यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर आणला, माळ्यावरून जुनी केबल काढली. प्रिंटर हूं की चूं करेना. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की केबलमधल्या दोन आणि तीन नंबरच्या तारा अदलाबदल करायला हव्यात. म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाईल; नाहीतर दोघं बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. सोल्डरिंग करून तारा बदलल्या, ब्रेलचं सॉफ्टवेअर टाकलं आणि आज्ञा दिली. प्रिंटर असा काही धडधडला की शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या.

"काय ओ, पत्रं ठोकताय का?"

"नाही काकू, छापतोय."

"लई आवाज हाय बाई छापायचा!"

मी पान फाडून ताईच्या हातात दिलं. तिनं डाव्या कडेपासून बोटं फिरवली, परत फिरवली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"काहीच नाही. नुसता पोहे सांडल्यासारखा प्रकार आहे."

कॉम्प्युटर आणि प्रिंटरचा एकमेकांशी बोलायचा वेग जुळत नसणार, हे मला कळलं. मी एकेक वेग लावून पाहायला लागलो. नऊ हजार सहाशे, अठ्ठेचाळीसशे, चोवीसशे, बाराशे. प्रत्येक वेळी एक पान, प्रत्येक वेळी ताईची बोटं, आणि प्रत्येक वेळी "नाही". तिसऱ्या दिवशी मी चिडलो. "कोठीतच खराब झाला असेल," म्हणालो. खरं तर मला लाज वाटत होती. सगळ्या कारखान्यात ज्याच्या हातगुणाचं नाव होतं, त्याला घरातला एक प्रिंटर दाद देत नव्हता.

ताई शांतपणे म्हणाली, "हा स्वतःबद्दल काही सांगतो का?"

"म्हणजे?"

"शाळेत प्रिंटर सांभाळणाऱ्या बाई एक बटण दाबून धरायच्या आणि मग प्रिंटर चालू करायच्या. कॉम्प्युटर बंद असला तरी एक पान निघायचं. आम्हाला त्याचं काम नसायचं, मुलं त्याची विमानं करायची."

समोर पाच बटणं होती. एकेक दाबून धरत मी प्रिंटर चालू करत गेलो. चौथ्या बटणाला तो धडधडला आणि एक पान बाहेर आलं. मी ते उजेडात धरलं. पांढऱ्यावर पांढरे ठिपके. मला त्यातलं अक्षर कळेना.

"आण इकडं," ताई म्हणाली.

तिनं पान मांडीवर ठेवलं. "इंग्रजी आहे," ती म्हणाली आणि मग थांबत थांबत वाचू लागली. "वेग, बाराशे. डेटा बिट, सात. पॅरिटी, इव्हन. यातलं मला काही कळत नाही, पण लिहिलंय असं."

मी कपाळावर हात मारला. कारखान्यातल्या सगळ्या काट्यांना एका अक्षराला आठ बिट असायचे, म्हणून मी वेग सोडून दुसऱ्या कशाला हातच लावला नव्हता. बाराशेचा वेग मी लावून पाहिला होता, पण आठ बिटांवर. उत्तर त्या प्रिंटरच्या पोटात होतं आणि ते वाचता येणारं घरात एकच माणूस होतं.

मी सेटिंग बदललं. तिनं सांगितलेला आणि मी टाईप केलेला तिचा लेख छापायला लावला. पहिलं पान तिच्या हातात गेलं. तिची बोटं सुरुवातीला हळू, मग सरसर चालायला लागली. ओठ हलत होते. बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

"तिसऱ्या ओळीत 'नदी'चं 'नादी' केलंयस," ताई म्हणाली. "आणि 'वस्तीगृह' नाही रे, 'वसतिगृह'. कारखान्यात असंच लिहायचास का?"

इतक्या आनंदानं मी आयुष्यात कुणाची बोलणी खाल्ली नाहीत. संध्याकाळपर्यंत तिनं माझ्या एकोणीस चुका काढल्या. मी टाईप केलेली चार पानं ब्रेलमध्ये चौदा झाली होती. शेवटचं पान वाचून झाल्यावर ती म्हणाली, "स्वतःचं लिहिलेलं असं तपासून कितीतरी वर्षं झाली."

कार्यक्रमाला शंभरेक माणसं होती. ताईचा नंबर चौथा होता. तिच्या आधीच्या तिघांनी मान खाली घालून, कागदात बघत वाचलं. ताई खुर्चीत ताठ बसली, पानं मांडीवर ठेवली आणि बोटं खाली चालत असताना चेहरा मात्र थेट लोकांकडं ठेवून वाचू लागली. सहाव्या वर्षी ती पहिल्यांदा वसतिगृहात गेली, त्या दिवसाची हकिगत होती. वडील परत निघाले तेव्हा त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत उतरत कुठल्या पायरीवर थांबला, ते तिनं लिहिलं होतं. ते मलाही ठाऊक नव्हतं. तिथं ती थांबली, बोट एक ओळ मागं नेलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं.

टाळ्या पडल्यावर कार्यवाह माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्यामुळं जमलं हो हे."

"तारा मी जोडल्या," मी म्हणालो. "बाकी सगळं तिनं वाचलं."

घरी निघताना मी तिला म्हटलं, "पानं डिकीत टाकू का?"

"नको," ती म्हणाली. "ठिपके दबतील." आणि चौदा पानं दोन्ही हातांनी उराशी धरून ती स्कूटरवर माझ्या मागं बसली.