मका वाजला पाहिजे

थोरलीनं कुणाच्या हातच्या पदार्थाला बरं म्हटलं, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. परिचारिकांच्या वसतिगृहात तिचा जन्म चुलीपुढं गेला होता. मुली कामावरून परतायच्या तोवर बाजार उठलेला असायचा, म्हणून फ्रीझरमधल्या मक्याच्या पिशव्यांवर तिनं त्यांचे लाड पुरवले. दुधात आटवलेला मका, मका-बटाट्याचं सूप, मका घातलेला मऊ भात. रडवेली आलेली पोरगी वाटी चाटूनपुसून झोपायला जायची.

घरी मात्र स्वयंपाकघर धाकट्या जावेचं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसभर फरक बोटांना कळायचा, पण एक खोड काही सुटली नाही. गोठलेला मका ती आधी पाण्यात भिजत घालायची. बर्फासकट पातेल्यात टाकायचं म्हणजे घरच्यांना शिळंपाकं वाढल्यासारखं काहीतरी वाटायचं तिला.

"भिजवलास की चामडं होतं त्याचं," थोरली म्हणायची. "पिशवी ओट्यावर आपट, दाणे सुटे कर, नि थेट तापल्या पातेल्यात. मका वाजला पाहिजे."

"वाजायला तो काय घंटा आहे, ताई?"

"तुझ्या डोक्यात काही वाजत नाही, निदान पातेल्यात तरी वाजू दे."

अशी वर्षं गेली. थोरलीचे यजमान गेले, त्यांच्या तेराव्यालासुद्धा थोरली धाकटीच्या भाताकडं बघून म्हणाली होती, "बिचारे सुटले." सगळे रडता रडता हसले होते.

मग थोरलीच्या घशात गाठ निघाली. उपचारांनी गाठ राहिली तशीच, जिभेची चव तेवढी मेली. तिची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली, मध्ये एक पडदा. धाकटीनं पहिल्या दिवशी दुधातला मका मऊ शिजवून नेला. थोरलीनं दोन चमचे खाल्ले नि म्हणाली, "छान झालंय."

धाकटीनं आत येऊन वाटी तशीच ओट्यावर ठेवली.

"चांगलं म्हणाली की वहिनी," तिचा नवरा म्हणाला. "इतकी वर्षं हेच तर हवं होतं ना तुला?"

"जीभ शाबूत असताना हवं होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं सुपात मीठच घातलं नाही. "छान झालंय." तिसऱ्या दिवशी भात बुडाला लागला, घरभर वास सुटला. "छान झालंय." धाकटीला शाबासकीची धास्तीच बसली. एक टोमणा मिळाला तर थोरली अजून घरात आहे, एवढाच तिचा हिशोब होता. वाटी देऊन ती पडद्यामागं उभी राहायची, कान टवकारून. टोमणा काही यायचा नाही.

एका दुपारी तिनं सवयीनं मका भिजवला, निथळला, पातेल्यात ओतला. पडद्यापलीकडून बारीक आवाज आला.

"भिजवलास ना गं?"

धाकटीच्या हातातली चाळणीच निसटली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जीभ गेलीय, कान नाही. चिखल पडल्यासारखा पडला तो."

धाकटीनं तोंडावर पदर दाबला. हसू आणि रडू एकाच दारातून बाहेर पडायला बघत होतं.

"मुसमुसतेस काय? दुसरी पिशवी काढ."

तिनं पिशवी आपटली. गोठलेले दाणे पातेल्यात खडखडत पडले.

"आता कसं," थोरली म्हणाली.

वाटी घेऊन धाकटी खाटेच्या कडेला टेकली. "चव लागली?"

"चव कुठली? पण दातांना कळतोय. चामडं नाही."

"मग रोज छान झालंय का म्हणत होतात?"

थोरलीनं चमचा वाटीत ठेवला. "पडद्याखालून तुझे पाय दिसतात. अवघडून उभी असतेस. म्हटलं, आता जाता जाता कशाला नावं ठेवायची."

"ठेवा की. त्याशिवाय मला स्वयंपाक सुधरत नाही."

"तो असाही सुधरणार नाही," थोरली म्हणाली. धाकटीला त्या रात्री कित्येक दिवसांनी नीट झोप लागली.

तेव्हापासून ती मुद्दाम मका भिजवू लागली. हळूच ओतायची, श्वास धरून थांबायची. पडद्यामागून यायचंच, "सोकावलीस." नाहीतर, "तुझ्या आईनं काय शिकवलं, देव जाणे." मग धाकटी खुशाल दुसरी पिशवी फोडायची. फ्रीझर रिकामा होत गेला. नवरा कुरकुरला, तर म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. आमचं चाललंय."

थोरलीचा आवाज दिवसागणिक बारीक होत गेला, तिचं ऐकू यावं म्हणून धाकटी पंखा बंद ठेवू लागली.

मग एके दिवशी तिनं भिजवलेला मका ओतला आणि थांबली. काही आलं नाही. तिनं फ्रीझरमधून शेवटची पिशवी काढली, ओट्यावर आपटली, उंच धरून पातेल्यात रिकामी केली. दाणे एवढे खडखडले, की बैठकीतून नवरा उठून आला.

पडद्यापलीकडं शांत होतं.

धाकटीनं पडदा सारला. थोरली जागी होती, डोळे छताला लागलेले; खडखडाट तिच्या कानांपर्यंत पोचलाच नव्हता. कुणीतरी जवळ आल्याचं तिला उमगलं असावं. वाटी अजून आतच होती, दूधही तापलं नव्हतं. थोरलीचे ओठ हलले.

"छान झालंय."

धाकटी आत गेली. पातेल्यातले भिजके-गोठके दाणे तसेच दुधात शिजवून, वाटी भरून घेऊन आली, खाटेच्या कडेला बसली. थोरलीचा हात मांडीवर घेतला आणि एक चमचा स्वतःच्या तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली.

"चामडं झालंय, ताई," ती म्हणाली.