साहेबांचा वळसा

कुर्ल्याच्या आमच्या गोडाऊनचा मॅनेजर स्वतःला सेफ्टीचा माणूस म्हणवतो. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना शिकवणं हे कंपनीने त्याच्याकडेच सोपवलंय. मागच्या दाराशी डिस्पॅचच्या टेबलावर बसून मी हे शिकवणं सहा वर्षं बघतोय. तो भिंतीवर बॅनर लावतो, एकच पिवळं हेल्मेट एकेकाच्या डोक्यावर ठेवून फोटो काढतो आणि रजिस्टरमध्ये सह्या घेतो. दहा मिनिटांत समोसे येतात. प्रत्येक वाक्यानंतर "काय, समजलं ना?" विचारायची त्याला खोड आहे. उत्तरासाठी थांबायची नाही.

परवा त्याने हमाली करणाऱ्या तात्यांना फोर्कलिफ्टवर बसवलं. तात्या म्हणाले, "साहेब, भरला माल घेऊन उतारावरून कसं यायचं, ते कोणी दाखवलंच नाही."

"चालवता चालवता येतं रे. काय, समजलं ना? इथे सही कर," वडिलांच्या वयाच्या माणसाला तो म्हणाला. तात्यांनी सही केली.

दुपारी त्याला पुढच्या केबिनमधून माझ्या टेबलाशी यायचं होतं. गोडाऊनमधून आलं तर चाळीस पावलं. पण आत तात्या फोर्कलिफ्ट चालवत होते. साहेब रस्त्यावर उतरला, भर उन्हात अख्ख्या गोडाऊनला वळसा घालून मागच्या दाराने घामाघूम होऊन आला.

"आतून का नाही आलात?" मी विचारलं.

"वेडा आहेस का? त्याला चालवता कुठे येतंय अजून," मान पुसत तो म्हणाला. तात्यांच्या सहीचं रजिस्टर त्याच्या काखेतच होतं.