टिटवीची भिंत

पन्नास सालानंतरची गोष्ट. मेडशीजवळच्या एका खेड्यात मी मास्तरीण होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांना घेऊन नाल्यावर जायचे. तिथं अट एकच, आधी निवांत पाहायचं, मग काढायचं. सुरुवातीला पोरी रांगोळीतले पक्षी काढायच्या, दोन्ही पंख अगदी सारखे. ‘असा पक्षी कोणत्या झाडावर बसतो गं?’ म्हणून मी डाफरायचे. तशी मी तापटच. पण उन्हात रापलेला तो शनिवार आता कोणी परत दिला, तर उरलेले सगळे वार मी देऊन टाकीन.

कागद कुठला मिळायला! शाळेची बाहेरची मातीची भिंत हीच आमची वही. गेरू, हळद, कोळसा, पळसाच्या फुलांचा रंग, आणि बाभळीची काडी चावून केलेला कुंचला. जे पाहिलं ते काढायचं आणि खाली लिहायचं, कुठं होतं, काय करत होतं.

चौथीतल्या एका पोरीनं टिटवी काढली. नांगरलेल्या वावरात ढेकळांच्या रंगाची अंडी, आणि त्यांच्यावर उभी टिटवी. खाली लिहिलं होतं, ‘ही बसली नाही. अंड्यांना ऊन लागते म्हणून उभी आहे.’ मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ही पोर पुढे शिकलीच पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं.

पाचवीला मेडशीला जावं लागे, आणि तिचा बाप तिला चौथीनंतर घरी बसवणार होता. मी त्याच्या दारात जाऊन भांडले. तो शांतपणे म्हणाला, ‘बाई, आधी दाखवा तं खरं, काय शिकून राह्यली ते. मंग पाहू.’ सोमवारी शाळेत यायचं त्यानं कबूल केलं. आता काम फत्ते, असं मानून मी रविवारी वाशीमला घरी गेले.

सोमवारी परतले, तर भिंत पांढरीशुभ्र!

आपला नवरा पहिल्यांदाच शाळेत येणार, म्हणून पोरीच्या आईनं शेजारणी जमवून सगळी भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली होती. पोरगी रविवारी दिवसभर वावरात, तिला पत्ताच नाही. ‘पोट्ट्यायनं लय खराब करून ठेवली होती, बाई,’ आई हसत म्हणाली. तिच्या नखांत अजून माती होती.

बाप धुतलेलं धोतर नेसून आला. पोरगी त्याला भिंतीपाशी घेऊन गेली आणि बोट टेकवून हळूच सांगू लागली. ‘इथं टिटवी होती, बाबा. इथं तिचे अंडे.’

त्यानं खरोखर वाकून पाहिलं. ‘मले तं काईच दिसून नाई राह्यलं.’

‘ती पुन्हा काढेल, दोन दिवस द्या,’ मी म्हटलं.

‘राहू द्या, बाई. वावरात हात कमी हायेत.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला चार शब्द सुनावायला मी वळले, तर पोरीनं माझा पदर घट्ट धरला. तेवढ्यात आईच जवळ आली आणि कौतुकानं विचारू लागली, ‘कशी झाली वं भिंत?’

‘मस्त झाली, माय,’ पोरगी म्हणाली, आणि बापाच्या मागं घरी गेली.

पुढं मी खूप पोरं शिकवली. ती पोर मात्र मला हवी होती. अजून हवी आहे.