खोलमतच्या मुठीतले दोन हात

खोलमत, तुला वाचायचा कंटाळा, तेव्हा हे तुझ्या लेकीकडून, ओयदिनकडून मोठ्याने वाचून घे. दलाल म्हटलं की तू मान खाली घालतोस, ते मला मुळीच पटत नाही. मूळ अरबीत त्या शब्दाचा अर्थ वाट दाखवणारा. त्यात शिवी भरली ती लोकांनी, आणि तेही असे लोक की ज्यांची दलालाशिवाय शेळीसुद्धा विकली जात नाही. म्हणून तुझी हकीकत लिहून टाकते.

तर समरकंदजवळच्या उरगुतच्या गुरांच्या बाजारात खोलमत दलालाला शोधावं लागत नसे, त्याचा आवाज आधी ऐकू यायचा. दलालाने घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एकमेकांत कोंबायचा, वरून आपल्या मुठी आवळायच्या आणि सौदा जुळेपर्यंत गदागदा हलवायचं, ही तिथली रीत. हात ओढून घेतला की नकार, मग पुन्हा बोलणं नाही. गाय लाथाळ असली तर खोलमत ते आधीच ओरडून सांगायचा. त्यामुळे विकणारे त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि घेणारे त्यालाच हुडकत यायचे.

त्याची ओयदिन समरकंदला डॉक्टरकी शिकत होती. तिला इस्मातुल्ला मास्तरांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा तिच्यावर इतका लुब्ध, की घरी धड जेवतही नव्हता म्हणे. स्थळ घेऊन आली रिसोलत मावशी, बरोबर मास्तर. तीही दोन घरांच्या मध्येच उभी राहते, पण तिला कोणी दलाल म्हणत नाही, दारात येताच बसायला मऊ उशी देतात. खोलमतला मात्र बायकोने बजावलं होतं, की आज बाजाराचं नाव काढायचं नाही. त्यानेही नवी टोपी घातली आणि मुकाट्याने पुलावाकडे बघत बसला.

नान पुढे आले. ते मोडले की सोयरीक पक्की. तेवढ्यात मास्तरांनी सांगितलं, की लग्न यंदाच, आणि लग्नानंतर कॉलेज बंद, घरात बाईमाणूस हवं. ओयदिनची दोन वर्षं उरली होती. तिचा मामा तोश्पुलात भडकला. मास्तर शाळेत बोलावं तसं बोलू लागले. पडद्यामागे ओयदिन चहा ओतत होती, तो आवाज थांबला. रिसोलत मावशी उठायच्या बेताने शाल सावरू लागली.

खोलमत कधी उठला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने मास्तरांचा हात उचलला, मेव्हण्याचा उचलला, एकमेकांत कोंबला आणि लागला हलवायला.

"बोला मास्तर, बरकत होऊ दे. पोरगी शिकेल, सुट्टीत तुमचं घर सांभाळेल. बोला."

"अहो, ती काय गाय आहे?" बायको ओढणीआडून फिसकारली.

खोलमतच्या कानात बाजार भरला होता. मास्तरांची पंचाईत झाली. हात ओढावा तर भरल्या घरात नकार, आणि घरी उपाशी मुलगा. ते म्हणाले, एक वर्ष शिकू दे.

"दोन," मामा म्हणाला.

"दोन वर्षं शिक्षण, आणि लग्न यंदाच, मास्तरांच्या मनासारखं," खोलमत म्हणाला आणि जास्तच जोरात हलवू लागला. चहाची किटली थरथरली. मास्तरांची टोपी घसरून एका डोळ्यावर आली.

"शिकू दे, दोन वर्षं शिकू दे," मास्तर म्हणाले. "पण हात सोडा बाबा, खांदा निखळेल."

मावशीने घाईघाईने नान मोडला, कोणाचं मन बदलायच्या आत. वर म्हणाली, "मी जन्मभर बोलून बोलून घसा बसवला. हलवायचं मला सुचलंच नाही."

दुसऱ्या दिवशी खोलमतला लाज वाटू लागली. मी त्याची शेजारीण, आणि मास्तरांच्याच शाळेत शिकवलेलं, म्हणून तो आमच्या कुंपणापाशी आला. "आपा, एवढं काम करा. मास्तरांकडे जाऊन सांगा, की काल मी बाप म्हणून उठलो होतो, दलाल म्हणून नाही."

जाते म्हटलं. ओयदिन आता शेवटच्या वर्षाला आहे आणि मी अजून गेलेले नाही. जाणारही नाही, खोलमत. असलं खोटं पोचवायला दुसरं कोणी बघ.