रमाकांतचं मलम

पडदा वर जातो. काळाचौकीतल्या चाळीची खोली. भरदुपारी खिडक्यांना चादरी बांधून अंधार केलेला. मधोमध मांडी घालून बसलाय माझा मित्र रमाकांत, कामगार रंगभूमीचा रंगभूषाकार. गिरणीच्या खात्यात राबून आलेल्या आम्हा पोरापोरींना त्याच्या बोटांनी राजे-राण्या केलं.

रंगाहूनही गाजलं त्याचं मलम. मेण, तेल आणि काष्ठौषधीच्या दुकानातला रसकापूर घोटून तो ते करायचा. रंगाखाली लावलं की तोंड उजळायचं. आम्हाला लावायचा प्रयोगापुरतं. नलूला मात्र रोज. नलू त्याची बायको, आमची नायिका. पुढे तिचे हात कापू लागले, संवाद निसटू लागले. एकदा भर अंकात ती माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली. ती नजर अजून मला झोपू देत नाही. ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, नसांचा आजार.

परवा त्याची घोडपदेवची पुतणी सुचित्रा स्वतःच्या लग्नासाठी मलम मागायला आली. रमाकांतने हौसेने घोटलं. पण लेक आकांक्षाने डबी काढून घेतली आणि सुचित्रा रिकाम्या हाताने परत गेली. ती रसायनशास्त्रात संशोधन करते.

"बाबा, रसकापूर म्हणजे पाराच. पाऱ्याने हात कापतात, विसरायला होतं."

रमाकांतने घोटायचा बत्ता खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या आईसारखं?"

म्हणून हा अंधार. आकांक्षाने लॅबमधून आणलेला द्रव दोन कुप्यांत ओतला. त्याला पारा भेटला, तरच तो जांभळ्या टॉर्चखाली चमकतो. पहिल्या कुपीत तिने बाजारची कोल्ड क्रीम विरघळवून टाकली. काळोख तसाच.

"तुझो दिवोच गेलो गो!" रमाकांत गावच्या मालवणीत हसला. जरा जास्तच मोठ्याने.

दुसऱ्या कुपीत त्याचं मलम गेलं. टॉर्च लागला आणि कुपी नारिंगी पेटली. उजेड तो केवढासा! त्यात आमची तिघांची तोंडं दिसली. मी चौथं, नलूचं, शोधत राहिले.

"बाबा, तुम्हाला कुठे माहीत होतं?" आकांक्षाने त्याचा खांदा धरला.

सुचित्रा रिकाम्या हाताने परत गेली. खिडक्यांवरच्या चादरी सोडल्या, तरी रमाकांत जागचा हलला नाही. स्वतःच्या बोटांकडे बघत बोलला, "झोंबतं म्हणायची गो ती. मीच म्हणायचो, सोस जरा, रूप येईल."