आखाड संपायच्या आत एक मरळ

अक्काचा विषमज्वर उतरून महिना होत आला, तरी तिला जेवण जात नव्हतं. तिचं सासर तासगावकडे, आम्ही कोरेगावचे. आई तिला बघून आली आणि चुलीपुढे बसत म्हणाली, "पोरगी नुसती ताटाकडं बघत बसती." अक्काच्या सासूबाईंनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, की अंगात ताकद आली तरच तिला पंचमीला माहेरी पाठवीन, नाहीतर एवढा एसटीचा प्रवास तिला झेपायचा नाही. त्यांचं चुकत नव्हतं. पण लग्न झाल्यापासून अक्काची एकही पंचमी आमच्या घराबाहेर झालेली नव्हती.

निघताना आईने तिला विचारलं होतं, "काय खावंसं वाटतंय गं?" त्यावर ती म्हणाली, "बाळूला सांग, तुझ्या गळाला लागलेली मरळ आण, मग जेवीन." आईने हे हसत सांगितलं, कारण माझ्या गळाला बोटाएवढ्या माशापलीकडे काही लागत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी हसलो नाही. लहानपणी गांडुळांचा डबा धरून नदीकाठी माझ्याजवळ अक्काच बसायची. ती चेष्टा करत होती हे मला कळत होतं. तरी रात्रभर माझ्या मनातून ते जाईना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मरळ हा गोड्या पाण्यातला काळसर, गोल अंगाचा मासा. डोकं सापासारखं, काटे थोडे, म्हणून आजाऱ्याला आवर्जून देतात. ती बेडकावर, लहान माशांवर झडप घालते आणि तिला गळाने धरणं हे धीराचं काम आहे. माझ्यात धीरच कमी आहे. दोरी जरा हलली की माझा हात आपोआप वर जातो. शिवाय दिवस आखाडाचे, आणि तेही संपत आलेले. श्रावण लागला की अक्काच्या सासरी थेट गणपती होईपर्यंत मासळी शिजत नाही. म्हणजे जे करायचं ते चार दिवसांत.

मी सायकलच्या दुकानात कामाला आहे. मालकांना रजा मागितली तर ते म्हणाले, "मासं धराया रजा? लगीन ठरलं म्हणून तरी सांगायचंस." मग स्वतःच म्हणाले, "मलकापूरला दस्तगीर शिंपी हाय, त्याला गाठ. लय बोलतो, पण मरळीतलं कळतं त्याला. माझं नाव सांग."

सकाळच्या गाडीने साताऱ्याला आणि तिथून कराडला गेलो. कुणाला असा प्रवास करायचा असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. गळ बुचात टोचून डबीत ठेवावेत, खिशात नाही. आणि काठी लांब असेल तर गाडी लागताच आधी चढून ती बाकांखाली सरकवावी. मी उशिरा चढलो आणि काठी उभी धरून बसावं लागलं. कंडक्टर म्हणाला, "पावणं, मोर्चा कुठाय?" सगळी गाडी हसली. उंब्रजपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होतो. पाऊस बारीक होता, रस्ता ओला, आणि दोन्ही बाजूंना ऊस डोक्याइतका झालेला. कराडच्या स्टँडवर गरम भजी आणि चहा घेतला. तिथली भजी चांगली असतात, पण गाडीची वेळ आधी विचारून मग खायला बसावं.

मलकापूर कराडला लागूनच आहे, चालत जाता येतं. दस्तगीरचाचांचं दुकान रस्त्यावरच सापडलं. दाढी पांढरी, गळ्यात टेप, पायाखाली मशीन चालू. मी मालकांचं नाव सांगितलं, अक्काचं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे न बघता काठीकडे बघितलं.

"ही काठी हाय का गुरं राखायची?"

"हिच्यानेच धरतो."

"काय धरलंस आजपत्तूर?"

मी बोट वर केलं, एवढाच म्हणून. ते म्हणाले, "बरं. खोटं बोलत न्हाईस. मासं धरणाऱ्यात असा पयलाच बघतोय."

कृष्णा आणि कोयना दोन्ही गढूळ होऊन वाहत होत्या. असल्या पाण्यात नदीवर जाण्यात अर्थ नाही, मरळ या दिवसांत तळ्यात नाहीतर ओढ्याच्या डबक्यात बघायची, हा पहिला धडा. त्यांनी मला गावाबाहेरच्या एका जुन्या दगडखाणीवर नेलं. खाणीत पाणी साचून तळं झालं होतं. काठाने चालताना त्यांनी मला चपला काढायला लावल्या, कारण पावलांचा धप्प आवाज पाण्यात पोचतो. दगडाखालून लहान बेडूक काढले. बेडूक गळाला कसा लावायचा, पाण्यावर तो उडी मारल्यासारखा कसा ओढायचा, हे तीन-चारदा करून दाखवलं. दाखवताना तोंड चालूच होतं. एकदा म्हणे त्यांनी इथे एवढी मोठी मरळ धरली की ती घरी न्यायला टांगा करावा लागला.

थोड्या वेळाने माझ्या बेडकाशी पाणी फुटलं. मी ओढलं. गळ मोकळा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. चाचा डोक्याला हात लावून खाली बसले.

"अरे, तिनं तोंडात धरलं म्हंजी गिळलं व्हय? ती आडवं धरती, आपल्या जाग्यावर नेती, मग फिरवून गिळती. तू तिच्या हातातनं ताटच काढून घेतोस."

"मग कधी ओढायचं?"

"मी बिडी पेटवतो. पयला झुरका झाला की वडतो."

"मी बिडी ओढत नाही."

"शाळा किती?"

"आठवी."

"पाढे येतात?"

"तीसपर्यंत येतात."

"तीस नको गड्या, तवर मासा तासगावला तुझ्या आदी पोचंल. बेचा म्हण. बे दाहे वीस झालं की वड. आणि मधी थांबायचं न्हाई, घाई न्हाई, गुरुजींपुढं म्हणतोस तसा म्हण."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत मरळ काही आली नाही. चाचांनाही काही लागलं नाही. त्यांनी वाऱ्याला दोष दिला, मग माझ्या सदऱ्याच्या पांढऱ्या रंगाला, मग खाणीवर धुणं धुणाऱ्या बायकांना. परत येताना मात्र ते गंभीर झाले आणि म्हणाले, "एक ध्यानात ठेव. या दिसात पाण्यावर तांबड्या पिलांचा घोळका दिसंल. खाली त्यांची आई असती. तिथं बेडूक टाकला तर ती हमखास धरती, नवशिक्याला बी गावती. पर ती भुकेनं चावत न्हाई, पोरांसाठी चावती. तिला काढली की पिलं दुसऱ्या दिशी बगळ्याच्या पोटात. तिथं गळ टाकायचा न्हाई."

रात्री त्यांच्या घरी जेवलो आणि दुकानात झोपलो. सकाळी बघतो तर माझ्या सदऱ्याचा उसवलेला खिसा शिवलेला. पैसे विचारले तर म्हणाले, "मरळ धर, मग शिलाई घेतो." आणि स्वतःची हलकी, वाकणारी काठी माझ्या हातात दिली.

कराडहून तासगावच्या गाडीने निघालं की थोड्या वेळाने ऊस मागे पडतो आणि उघडी माळरानं लागतात. रस्ता खड्ड्यांचा आहे, मागच्या बाकावर बसू नये. अक्काचं गाव तासगावच्या पुढच्या फाट्यापासून आत, चालत जावं लागतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण दाजींनी तशी ताकीद दिली आहे. त्यांना तिथल्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांची गर्दी नको आहे.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. माझ्या हातातली काठी बघून ती हसली, आणि एवढ्या हसण्यानेही तिला दम लागला. सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "उद्याचा दिस हाय बग तुला. परवा आवस, दिव्यांची पूजा. तितनं फुडं चुलीवर मासळी न्हाई."

"बाजारात मिळते का मावशी?" मी विचारलं.

"मिळती की. आठ दिसामागं आणली हुती. हिनं तोंडाला बी लावली न्हाई. सकाळी मुरमुरं चार दाणं, झालं जेवाण."

दुष्काळात गावाने खडी फोडून बांधलेला पाझर तलाव गावापासून जवळ आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघालो. दाजीही आले. दाजी शेतकरी, मनाने फार चांगले, पण त्यांना एका जागी बसवत नाही. पाच मिनिटं झाली की विचारायचे, "आलं का?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "मासं बी श्रावण पाळाय लागलं वाटतं."

ऊन थोडं वर आलं तेव्हा समोरच्या पाण्यावर तांबडं काहीतरी सरकलं. कुंकवात हात बुडवून पाण्यावर झाडावा तसं. बारीक पिलं, शेकड्यांनी, एकत्र वर येत होती आणि एकत्र खाली जात होती. त्यांच्याखाली एक मोठी काळी सावली. माझ्या हाताच्या टप्प्यात.

दाजी हळूच म्हणाले, "टाका."

मी चाचांचं सांगितलं.

"तुमचा चाचा मलकापुरात मशीन मारतोय. हितं कोण बगतंय? टाका पावणं."

मी बेडूक हातात धरून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला पिलांची फार दया आली असं नाही. मला भीती वाटली. आजारी माणसाच्या ताटात पोरांवरून उचललेली आई वाढायची, आणि मग अक्काचं काही कमी-जास्त झालं तर? मन धजेना. मी काठी खांद्यावर टाकली आणि चालू लागलो.

दाजी मागून म्हणाले, "मग तुमच्या अक्काला काय सांगू? मरळ गावली हुती, पर ती लेकुरवाळी हुती, म्हणून तू उपाशीच ऱ्हा?"

मी तसाच पुढे गेलो. पलीकडच्या बाजूला पाण्यात बुडालेली बाभळीची झुडपं होती, तिथे जाऊन बसलो. दाजी रागावून घरी गेले. दुपारी मात्र माझ्यासाठी भाकरी आणि भाजलेली मिरची घेऊन परत आले आणि जवळ बसले. पाऊस येऊन गेला, ऊन पडलं, पुन्हा पाऊस आला. बेडूक दोनदा बदलला. हात अवघडला. गुरं घरी परतू लागली तेव्हा मी मनात अक्काशी काय बोलायचं ते जुळवत होतो.

आणि झुडपापाशी पाणी फुटलं. दोरी आडवी निघाली.

माझा हात वर जायला निघाला होता. मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि मोठ्याने म्हणायला लागलो, "बे एके बे, बे दुणे चार."

"आवं वडा की," दाजी म्हणाले.

"बे त्रिक सहा."

"ह्यो काय येडेपणा? चालली ती."

"बे चोक आठ, बे पंचे दहा." दोरी थांबली. वाटलं, सोडलं तिने. तरी म्हणत राहिलो. बे नवे अठरा झालं तेव्हा दोरी पुन्हा हलली, या वेळी जड. बे दाहे वीस म्हणून काठी उचलली, आणि काठी चाचांच्या हातात वाकली असती तशी वाकली. दाजी धोतर सावरत पाण्यात शिरले आणि कुशीत घेऊनच तिला बाहेर आणलं.

मरळ फार मोठी नव्हती, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी. मावशींनी ती उलटीसुलटी करून बघितली. "एवढीशी? हिच्यासाठी कोरेगावासनं आलास?" म्हणाल्या. पण लगेच राख घेऊन ती घासायला बसल्या. चिंच, लसूण, थोडं तांदळाचं पीठ, तिखट नावापुरतं. कालवणाचा वास आल्यावर अक्काने आतून विचारलं, "खरंच धरली व्हय रं? मी चेष्टेनं म्हटलं हुतं."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

ती जेवायला बसली तेव्हा मला तिथे थांबवेना. गोठ्यापाशी जाऊन उभा राहिलो. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मग मावशी हात पुसत बाहेर आल्या. त्यांचे डोळे ओले होते, चुलीच्या धुराने असेल. त्या म्हणाल्या, "अर्धी भाकरी खाल्ली. रस्सा वाटीला तोंड लावून प्याली. तुझ्या आईला सांग, आता रोज चालवून आणती हिला. जमलं तर धाडीन पंचमीला."

परतताना तासगावला गाडी बदलायच्या आधी चाचांसाठी भडंग घेतलं, आणि मलकापूरला उतरून त्यांची काठी परत दिली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. चाचांनी मला त्यांच्यापुढे उभं केलं. "ह्यो माझा चेला. काल हातभर मरळ काढली."

मी म्हणालो, "चाचा, हातभर नाही, कोपरापासून..."

"गप. गुरू मी हाय का तू?" मग गिऱ्हाइकं गेल्यावर हळू आवाजात विचारलं, "तांबडी पिलं दिसली हुती?"

"दिसली."

त्यांनी मान हलवली आणि मशीन पुन्हा चालू केलं. शिलाई घेतली नाही. भडंग मात्र सगळं ठेवून घेतलं.

घरी येऊन पुन्हा दुकानात कामाला लागलो. स्वभाव बदलत नाही. अजूनही दोरी हलली की माझा हात आधी वर जायला बघतो. पण त्या तळ्याकाठी मी थांबू शकलो, आणि ते मला चाचांनी शिकवलं, दाजींनी आणलेल्या भाकरीने शिकवलं, आणि दिवसभर काही न लागलेल्या दोरीनेही शिकवलं. कुणाला शिकायचं असेल तर एवढंच म्हणेन, जाणत्या माणसाजवळ एक दिवस काढा, त्याला काही लागो न लागो.

पंचमीला दुपारच्या गाडीने अक्का आली. दाजींचा हात न धरता पायरी उतरली. घरी आईने पुरणाची दिंडं उकडली होती. एक वाढलं, दुसरं वाढलं. तिसरं वाढताना आईचा हात ताटावर थोडा थांबला. अक्काने वर बघितलं आणि म्हणाली, "वाढ की. आणि तूप जरा जास्त."