राईच्या बाहेरची बाई

देवाच्या राईत शाळा भरवायची हे माझ्या डोक्यात कधी शिरलं ते सांगता येणार नाही, पण एकदा शिरल्यावर मी कोणालाच सुखाने जगू दिलं नाही. पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी, तिथली आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली-दुसरी मिळून तेरा मुलं आणि त्यांची बाई एकटी मी. महाडहून रोज स्कूटरवरून वर जायचं. शाळेमागचे दोन बांध ओलांडले की गावदेवीची राई सुरू होते, भर दुपारीही आत गार अंधार असतो. आणि आम्ही दप्तराविना शनिवारी काय करायचो? वर्गात बसून फळ्यावर झाड काढायचो! मूळ, खोड, फांदी, पान. मला माझाच संताप यायचा.

राई गुरवआजोबांच्या देखरेखीखाली. देवीची पूजा त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यामुळे आत कोण जाणार हेही तेच ठरवणार. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. चहा मिळाला, परवानगी नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा चहा. चौथ्या खेपेला त्यांना माझा कंटाळा आला असावा.

"एक शनवार बघू," ते म्हणाले. "काय गडबड झाली तर परत नाव काडायचं नाय."

"नाही काढणार."

"चपला भायेर. आणि आतलं काय बी भायेर आणायचं नाय. पडलेलं पान नाय, वाळकी काडी नाय. देवीचं हाय ते."

वाडीत हा नियम सगळेच पाळतात. वादळात राईतलं झाड पडलं तर ते तिथेच कुजतं, कोणी त्याची फाटीही चुलीत घालत नाही. मी हो हो म्हटलं. त्यांनी डोक्यावर उभं राहून आत जा म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

संक्रांत नुकतीच झाली होती. आम्ही अनवाणी आत शिरलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच माझा पाठ कोलमडला. एका बेहड्याच्या बुंध्याला मुलांनी हाताला हात धरून मिठी मारली. पाच जण पुरले नाहीत, सहा पुरले नाहीत, सातवा आल्यावर बोटाला बोट लागलं आणि असा ओरडा झाला की दोन पक्षी उडून गेले. मग प्रत्येक झाड मोजायचंच असं ठरलं. हा चार पोरांचा, हा दोन पोरांचा, हा अर्ध्या पोराचा! मोजमापाचा धडा मी तीन दिवस घसा कोरडा करून शिकवला होता, तो इथे दहा मिनिटांत झाला. मी मात्र शिक्षिकेसारखं काहीतरी बोलायला हवं म्हणून झाडाखाली उभी राहिले, घसा खाकरला, आणि वरून शेकरूने अर्धवट कुरतडलेलं फळ थेट माझ्या डोक्यावर टाकलं.

"बाई, त्याला तुमचं बोलणं पटलं नाय," दुसरीतला एकजण म्हणाला आणि तेराच्या तेरा जण पाचोळ्यात लोळायला लागले. मीही खाली बसले. हसून हसून पोटात कळ आली. मग मी पोरांच्या मागे धावले, पोरं माझ्या मागे. वीस वर्षांत मी अनवाणी धावले नव्हते. तळव्यांना खडे टोचत होते आणि मला त्याचंही हसू येत होतं. गुरवआजोबा देवळाच्या पायरीवर बसून सगळं बघत होते. त्यांच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

त्या धावपळीतच मला गारंबीच्या वेलीची शेंग दिसली. कमरेइतकी लांब, वाळून फुटलेली, आणि शेजारी पाचोळ्यात पडलेली एक बी. तळहातभर, काळपट तांबडी, गुळगुळीत. मी उचलली. हातात इतकी छान बसली की ठेववेना. वर्गात दाखवायला होईल, शैक्षणिक साहित्य आहे, खाली तर पडली होती. माणसाला स्वतःची समजूत काढायला किती कमी वेळ लागतो! बी कुडत्याच्या खिशात गेली.

बाहेर पडायच्या जागी गुरवआजोबा काठी टेकून उभे राहिले. इथे सगळ्यांनी अंग झाडायचं, म्हणाले, केसात, कपड्यात काही अडकलेलं असतं. झालं, पोरांना तेवढंच हवं होतं. उड्या मारून, डोकी हलवून, सदरे झटकून त्यांनी नुसता धुरळा केला. मी पुन्हा बाई झाले. जोड्या करा, म्हटलं, एकमेकांची कुसळं काढा.

तेरांच्या जोड्या होतात सहा. उरली पहिलीतली एक मुलगी, पुढचे दोन दात पडलेली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि माझाच ताबा घेतला. ओढणीची कुसळं एकेक करून काढली, जिभेचं टोक बाहेर काढून, अगदी मन लावून. मग खिशात हात घातला.

बी तिच्या मुठीत मावेना. सगळे भोवती गोळा झाले.

"बाई," ती म्हणाली, "ही शेकरूनं टाकली असंल तुमच्या खिशात."

तिला खरंच तसं वाटत होतं, का ती मला वाचवत होती, मला आजही माहीत नाही. मी गुरवआजोबांकडे बघितलं. हो म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. शेकरूने डोक्यावर फळ टाकलेलं सगळ्यांनीच पाहिलं होतं. माझे सगळे शनिवार त्या एका हो वर टांगले होते. पण ती मुलगी तोंड वर करून माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याशी खोटं बोलता येईना.

"नाही गो," मी म्हटलं. "मी उचलली."

कानापर्यंत लाल झाले मी. आत गेले, बी होती तिथे ठेवली, देवीला हात जोडले, परत आले. झाडावर चढताना पकडलेल्या पोरीसारखी मान खाली घालून गुरवआजोबांसमोर उभी राहिले.

"पोरांना परवानगी हाय," ते म्हणाले. "दर शनवारी. मी नेतो आत. तुमी भायेर बसायचं."

"किती दिवस?"

"ते पोरं सांगतील."

पोरांनी आरोळी ठोकली. कोणाच्या बाजूने, ते कळलं नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मी राईबाहेर बांधावरच्या दगडावर बसते. आतून हसणं ऐकू येतं आणि मी जळते, अगदी खरं सांगते, जळते. आणि आनंदाने उकळतही असते. तासाभराने तेरा जण अंग झाडून बाहेर धावत येतात, माझ्याभोवती पडतात, आणि एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून बोलायला लागतात. वर्गात ज्यांच्याकडून एक वाक्य काढायला अर्धा तास जायचा, तीच ही मुलं. बाई, ढोलीत काय होतं माहीत हाय? बाई, मुंगळ्यांची वाट देवळावरून जाते! बाई, आजोबा पडले! बाई, नाय पडले, बसले!

मागच्या शनिवारी मी हिय्या केला. म्हटलं, आता पुरे झालं की रे, पुढच्या वेळी येऊ का मी आत?

"नाय!" तेरा तोंडांतून एकदम.

मला खरंच वाईट वाटलं. डोळे भरून आले तेव्हा मी चपलेचा पट्टा शोधायचं नाटक केलं. ती दात पडलेली मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, तुमी चांगल्या हाव," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "पण तुमी आत आलात तर आमी सांगायचं कुणाला?"